गाडीला हवा कुठून द्यायची

आमची गाडी लहानशी होती, दोन दारांची, आधी कुणीतरी वापरलेली. दोन दारांच्या गाडीत मागे बसणाऱ्याचे हाल होतात, पण पुढची दारं लांबरुंद असतात आणि त्यातून माणसाला उचलून आत ठेवता येतं. ती गाडी आम्ही विकली नाही, त्याला कारण एवढंच होतं.

माझे यजमान बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. पाण्याच्या टाकीच्या एका कामावर परांचीवरून ते पाठीवर पडले, आणि कमरेखालचं शरीर त्या दिवशी गेलं ते गेलंच. त्यांचं वय तेव्हा छत्तीस, माझं तीस. गाडी घेऊन जेमतेम सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत दर रविवारी हे बॉनेट उघडून उभे असायचे आणि मी आतून चहाला हाका मारायची. गाडीतलं काही मला कळावं असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि मलाही वाटलं नव्हतं.

अपघातानंतर आठवड्यातून तीनदा ह्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. रिक्षात बसवलं की पाठीला आधार नसल्यामुळे ते एका बाजूला कलायचे. नंदनवनच्या आमच्या गल्लीत गाडी चालवता येणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मीच शिकले. माझं माहेर शहराबाहेरच्या वाडीचं. अमरावती रोडवरच्या एका गोडाउनात माझे वडील माल मोजून घेणारे कारकून होते, आणि आमच्या भाड्याच्या खोलीसमोर एक मिस्त्री ट्रकांची इंजिनं उघडून बसलेले असत. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ते मला ओळखत. गोडाउनामागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी मला गाडी शिकवली. मी क्लच सोडताना थरथरले की म्हणायचे, "ट्रकाच्या मधात मोठी झाली तू पोरी. ह्या डबीले काहून भेतं वं?"

लायसन निघालं. सासूबाई काटोलहून आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. दवाखान्याच्या दिवशी त्या पाय धरत, मी ह्यांच्या काखेतून हात घालून छातीवर कडी करायची, आणि आम्ही दोघी मिळून त्यांना सीटवर सरकवायचो. मग मी गाडी चालवायची, आणि हे शेजारी बसून गाडी चालवायचे. मांडीवर ठेवलेला त्यांचा हात माझ्या आधी गिअर बदलायचा.

"सेकंड टाक. ऐकू नाही येऊन राहिलं का तुले? इंजिन रडून राहिलं ना."

मी सेकंड टाकायची. घरी परत आलो की त्यांना पलंगावर ठेवायचं, कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, पाठ पुसायची, दोन तासांनी पुन्हा कूस. लग्नाआधीपासून मी एका शाळेत मुलींना शिवण शिकवत होते. ती नोकरी पहिल्याच महिन्यात सुटली. सोडली असं मी लोकांना सांगायची. घराला दोन खोल्या, आणि पलंग असा ठेवलेला की ह्यांना खिडकीतून गाडीचं बॉनेट दिसावं. मी दारातून बाहेर पडले की मीही दिसत असे. कुठे चालली, किती वेळ, हे त्यांनी विचारायच्या आतच मी सांगून टाकायची.

त्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. माझ्या वडिलांनी जावयाला बघायचं म्हणून निरोप पाठवला होता. दवाखाना आटोपून आम्ही दोघंच तसेच वाडीला गेलो. वडील गाडीशी येऊन बोलले, मिस्त्रींनी ह्यांना पाणी आणून दिलं, आणि दुपारी एकच्या सुमारास आम्ही परत निघालो. थोडं पुढे आलो तर संत्र्यांचा एक ट्रक रस्त्यात आडवा झालेला. फळं सगळीकडे घरंगळली होती आणि दोन्ही बाजूंची वाहतूक एकमेकांत अडकून बसली होती. काय झालंय ते कळेपर्यंत आमच्या पुढे एक ट्रक, मागे एक ट्रक, डाव्या अंगाला एक आणि उजव्या अंगालाही एक येऊन थांबला.

मी इंजिन बंद केलं. गरम होऊ नये म्हणून बंद करायचं, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं.

दहा मिनिटांनी मी माझ्या बाजूचं दार उघडून बघितलं. ते वीतभर उघडलं आणि ट्रकाच्या चाकाला टेकलं. ह्यांच्या बाजूचं तर तेवढंही उघडेना. लांब दारांना जागा लागते. ज्या दारांसाठी आम्ही ही गाडी ठेवली होती, ती दोन्ही दारं आता भिंतीसारखी झाली होती. काचा खाली होत्या, पण बाहेर हवा नव्हतीच. शेजारच्या ट्रकाच्या इंजिनाची धग तेवढी आत येत होती. सीटचं रेक्झिन चटके देत होतं. ह्यांच्या कपाळावर घाम होता आणि गंजी कोरडी. त्यांच्या शरीराला छातीखाली घाम यायचा बंद झाला होता, आणि डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं की ह्यांना उन्हात ठेवायचं नाही, ताप चढला की उतरणार नाही. मी पदर ओला करून त्यांच्या मानेवर ठेवला. बाटलीतलं पाणी संपलं.

"तू उतरून जाय," ते म्हणाले.

"कुठून उतरू?"

"खिडकीतून निघू शकतं तू."

मी खरंच खिडकीकडे पाहिलं. निघू शकले असते. एवढी बारीक होते मी तेव्हा. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. मग आम्ही दोघं समोरच्या ट्रकाच्या फळीवर लिहिलेलं काहीतरी वाचत बसलो.

उजवीकडच्या ट्रकाच्या ड्रायव्हरने वरून वाकून बघितलं आणि काही न विचारता आपली पाण्याची सुरई खाली दिली. ती आम्ही अर्धी प्यायलो, अर्धी ह्यांच्या डोक्यावर ओतली. असा सव्वा तास गेला. शेवटी पुढचा ट्रक हलला. मी स्टार्टर मारला. इंजिन फिरायचं, पण धरायचं नाही. पुन्हा मारला. मागून हॉर्न सुरू झाले.

"चोक नको ओढू. पाय दाबून ठेव. पूर्ण. पूर्ण म्हटलं ना मी," हे म्हणत होते. त्यांचा आवाज वाढत चालला होता आणि हात डॅशबोर्डवर आपटत होता. इंजिन धरेना.

मग पाच-सहा माणसं आली आणि धक्का द्यायला लागली. चढ होता. त्यातला एक जण ह्यांच्या खिडकीशी आला आणि चांगल्या शब्दांत म्हणाला, "उतरा ना साहेब. बाई चालवून राहिली, तुम्ही बसून राहिले. थोडी हलकी होऊन जाईल गाडी."

ह्यांनी समोर पाहिलं. ऐकूच आलं नाही असं.

"त्यांले उतरता येत नाही," मी म्हणाले.

तो माणूस खाली, त्यांच्या पायांकडे बघून मागे गेला आणि जोर लावायला लागला. गाडी रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली गेली. अर्ध्या तासाने, आपली आपण थंड झाल्यावर, ती पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

घरी येऊन ह्यांचे पाय धुवायला घेतले तेव्हा डाव्या टाचेवर मोठा फोड आलेला दिसला. चप्पल सरकली होती आणि टाच सगळा वेळ उघड्या पत्र्यावर टेकलेली होती. त्या पत्र्याच्या पलीकडे इंजिन. सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. ह्यांनी मला पाय वर उचलून दाखवायला सांगितला. त्यांनी तो फोड निरखून पाहिला, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा, आणि म्हणाले, "गाडीले गरम हवा भेटून राहिली. म्हणून झालं हे सगळं."

ती जखम भरायला पावसाळा लागला. पण हवेचं बोलणं त्या संध्याकाळीच सुरू झालं आणि थांबेना.

ह्यांच्याकडे मोटारींच्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा होता, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला. त्यात एक लेख होता. इंजिनाला थंड हवा दिली की जोर वाढतो, आणि कंपनीने बसवलेला हवेचा डबा इंजिनाच्या डोक्यावरच असल्यामुळे तो तापलेलीच हवा ओढतो, असं त्यात लिहिलेलं होतं. डबा काढून त्या जागी बारीक जाळीचं एक नरसाळं बसवायचं आणि त्याला पुढून, गाडीच्या तोंडावरच्या जाळीमागून हवा द्यायची. मुंबईच्या एका दुकानाची जाहिरातही होती. ह्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. कार्बोरेटरच्या तोंडाचं माप हवं होतं, तर मी बॉनेट उघडून फूटपट्टी धरली आणि खिडकीतून आकडा ओरडून सांगितला. तो त्यांना पटेना. मी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. गल्लीतल्या बायका ओट्यावर तांदूळ निवडत माझ्याकडे बघत होत्या.

"मिस्त्रीकाकांले विचारू का एकदा?" मी म्हणाले.

"ट्रकवाला माणूस आहे तो. त्याले काय समजते."

मे महिन्यात पार्सल आलं. गवताच्या काड्यांमध्ये गुंडाळलेलं ते नरसाळं फारच देखणं होतं. लालसर जाळी, चकचकीत पट्टी. ह्यांनी ते दिवसभर छातीवर ठेवलं होतं. सासूबाईंना दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. अपघातानंतर त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

ते बसवायला मी वाडीला गेले. सकाळी सातलाच निघाले, कारण दहानंतर गाडीचा भरवसा नसे. मिस्त्रींनी नरसाळं हातात घेऊन उन्हाकडे धरलं आणि डोळा लावून आरपार बघितलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "जिथं धूळ नसंन तिथलं आहे."

मी म्हणाले की ह्यांना हेच बसवून हवं आहे. त्यांनी वाद घातला नाही. डबा काढला, नरसाळं बसवलं, पण बसवण्याआधी आतल्या तोंडावर धोतराचा पांढरा तुकडा ताणून बांधला. "एक चक्कर मारून ये. नाक्यापर्यंत जाय आन् ये." मी गेले. गाडीने असा काही आवाज केला की मी दचकून पाय काढला. पुन्हा दाबला. खोल, घशातून आल्यासारखा आवाज, आणि गाडी खरंच पुढे झेपावत होती. मला हसू आलं, एकटीला. नाक्यावरून वळून परत आले.

मिस्त्रींनी फडकं सोडून माझ्या हातावर ठेवलं. त्यावर बोटाने रेघ ओढता यावी एवढी तांबूस धूळ बसली होती.

"हे सगळं इंजिनाच्या पोटात गेलं असतं," ते म्हणाले. "दोन वर्षांत पिस्टन खाऊन टाकीन. आन् मले सांग, त्या दिवशी गाडी बंद काहून पडली?"

"गरम हवा."

"गरम हवेनं जोर कमी होते. बंद नाही पडत. तुहं पेट्रोल उकळून राहिलं पंपातच. पंपाले खेटून सायलेन्सरचा पाइप आहे, पाह्य." त्यांनी माझा हात धरून तिथे नेला आणि पंप दाखवला. "पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही, खलास."

म्हणजे हवा बदलूनही ती गाडी ट्रकांच्या मधोमध तशीच बंद पडली असती. मी तिथल्या बाकड्यावर बसले. मला काय हवंय ते तोवर मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही ठरवलं नव्हतं. मिस्त्रींनी विचारलं, तेही कामाच्या सुरात, "बोल. काय पाहिजे गाडीपासून तुले?"

मी सांगितलं. बंद केली की लगेच सुरू व्हायला हवी. ह्यांच्या पायाखालचा पत्रा तापायला नको. धूळ नको. पावसात पाणी साचतं तिथून जाताना ती पाणी पिऊन बसायला नको. जोर वाढला नाही तरी चालेल.

"मंग सोपं आहे."

त्यांनी तीन गोष्टी माझ्यासमोर मांडल्या. कंपनीचा जुना डबा तसाच ठेवून फक्त त्याच्या नळीचं तोंड वळवायचं, ही एक. दुसरी, एका जुन्या जीपचा तेलाचा हवेचा डबा, ज्यात धूळ तेलात बसून राहते. तो मजबूत होता, पण जड, आणि आमच्या इंजिनाला दम लागला असता. तिसरी, स्वतः पत्र्याचा डबा ठोकायचा, आत कागदाची जाळी घालायची आणि ट्रकाच्या रबरी नळीने हेडलाइटच्या मागून हवा आणायची. नळीचं तोंड उंच आणि मागे वळवलेलं ठेवायचं, म्हणजे पाणी आत जाणार नाही. मी नळी हातात घेऊन त्या कोपऱ्यात धरून बघितली, वर, खाली, बाजूला. साचलेलं पाणी कुठवर येईल ते अंदाजाने पाहिलं. मग तिसरं ठरवलं. शिवाय पंप आणि पाइप यांच्यामध्ये पत्र्याची आड, आणि पायाखाली पत्र्यावर तरटाचा जाड थर.

ते माझं पहिलं स्वतःचं ठरवणं होतं, कित्येक महिन्यांतलं. त्याचा आनंद व्हायच्या आत आठवलं, हे घरी सांगायचं होतं.

"किती वेळ लागंन काका?"

"उद्या दुपारी घेऊन जाय."

मी बसने नंदनवनला परत आले आणि ह्यांना सांगितलं की काम तीन दिवसांचं आहे. का सांगितलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी "गाडीचं बघून येते" म्हणून मी सकाळी बस धरली, वाडीला गेले, वडिलांच्या खोलीत चटईवर आडवी झाले आणि झोपले. दोन तासांनी कुणाची कूस बदलायची नव्हती. ट्रक रिव्हर्स होत होते, हमाल ओरडत होते, आणि मी मेल्यासारखी झोपले. वडिलांनी काही विचारलं नाही. उठले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे वरण-भात ठेवला आणि मला एवढं रडू आलं की घास तसाच हातात राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. गाडी तोवर तयार होऊन मैदानात उभी होती.

तिसऱ्या संध्याकाळी गाडी दारात लावली. नरसाळं तसंच पार्सलच्या डब्यात, मागच्या सीटखाली होतं. हे खिडकीशी उशीला टेकून वाट बघत होते.

"बंद नको करू," आतून म्हणाले. "रेस कर."

मी पाय दाबला. इंजिन नेहमीपेक्षा गुळगुळीत चाललं, पण मुकाट्याने.

ते कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा आवाज नरसाळ्याचा नाही."

मी आत जाऊन सगळं सांगितलं. धूळ, पंप, पत्र्याची आड. फडकं पिशवीत आणलं होतं, ते त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते पाहिलं नाही. तोंड भिंतीकडे वळवलं. कमरेखालचा माणूस तसाच राहिला आणि वरचा तेवढा वळला. पुढचे पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कूस बदलताना जड व्हायचे. दवाखान्याला जाताना मांडीवरचा हात गिअर बदलेना. गाडी भर उन्हात दवाखान्याच्या आवारात तासभर उभी राहून एका झटक्यात सुरू झाली, तेव्हा मी आशेने त्यांच्याकडे बघितलं. ते बाहेर बघत होते.

सासूबाई मला म्हणाल्या, "त्याच्या मनासारखं करायला पाहिजे होतं वं. त्याच्यापाशी आता दुसरं काय आहे?"

मला राग आला. माझ्यापाशी काय आहे, असं तोंडावर आलं होतं. ते गिळून चपात्या लाटत राहिले.

सहाव्या दिवशी मी त्यांची दाढी करत होते. साबण लावलेला, हनुवटी माझ्या बोटांत. तेव्हा ते बोलले. वस्तरा गालावर असताना माणूस भांडू शकत नाही, म्हणूनच बहुतेक ती वेळ त्यांनी निवडली असावी.

"पंपाचं बरोबर आहे मिस्त्रीचं. माह्या ध्यानात यायले पाहिजे होतं."

मी हात थांबवला.

"मले जोर नव्हता पाहिजे," ते म्हणाले. "मले आवाज पाहिजे होता. पाय दाबता येत नाही, गिअर टाकता येत नाही. कानानं तरी चालवली असती."

साबण वाळायला लागला म्हणून पुन्हा ब्रश फिरवला.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आन् ते काम तीन दिवसाचं नसते. एका दिवसाचं असते."

वस्तरा माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला. ते छताकडे बघत होते. आवाजात राग नव्हता. मला त्यांनी पकडलं होतं आणि सोडलं नव्हतं, पण शिक्षाही केली नव्हती, आणि त्यामुळे मला कुठे बघावं ते कळेना.

"बाबांकडे झोपली होती मी," मी म्हणाले.

"मले वाटलंच." मग म्हणाले, "पुरी कर ना दाढी. अर्धीच ठेवतं का?"

त्या उन्हाळ्यात आम्ही एकमेकांशी जरा बरं बोलायला लागलो, पण घर तेवढंच राहिलं. दोन खोल्या, दोन तास, पुन्हा कूस. पावसाळ्यात अर्धी चाकं बुडेस्तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी दोनदा बाहेर निघाली, तेव्हा मी मनातल्या मनात नळीच्या तोंडाला नमस्कार केला. टाचेची जखम भरली.

मार्गशीर्षात ह्यांच्या एका पुतणीचं लग्न काटोलला निघालं. थंडी होती, रात्रीचं दव पडून सकाळी रस्ते ओले आणि धूळ खाली बसलेली असायची. आदल्या दिवशी मी मिस्त्रींकडे गेले, आणि त्यांनी डबा काढून नरसाळं बसवलं. पंपाची आड होती तशीच राहू दिली. ते कुरकुरले नाहीत. फक्त म्हणाले, "परवा काढायले घेऊन ये."

ह्यांना मी सांगितलं नव्हतं. सासूबाई आधीच बसने पुढे गेल्या होत्या, म्हणून शेजारच्या मास्तरांनी पाय धरले आणि आम्ही सकाळी लवकर ह्यांना गाडीत बसवलं. मी स्टार्टर मारला.

हे एकदम माझ्याकडे वळले. मग बॉनेटकडे.

शहर संपेपर्यंत मी हळूच चालवली. काटोल नाका मागे पडला आणि दोन्ही बाजूंना शेतं लागली, रस्ता पार मोकळा, तेव्हा म्हणाले, "थर्ड." मी थर्ड टाकला. "आता दाब. सोडू नको. सोडू नको म्हटलं ना." गाडीने तोच खोल आवाज काढला. मी घाबरले होते, एवढ्या वेगाने मी कधी चालवली नव्हती. आवाज चढत गेला. त्यांनी डोळे मिटले होते, हात मांडीवर मुठीसारखा. "फोर्थ. आत्ता." त्यांनी सांगितल्या क्षणी मी टाकला आणि तो इतका अचूक बसला की मलाच कळलं. "हं," ते म्हणाले. कळमेश्वर येईपर्यंत ते मला आवाजावरून सांगत होते आणि मी करत होते. माझे पाय आणि त्यांचे कान. मध्येच मला वाटलं की मी ही गाडी चालवतच नाहीये, मला चालवलं जातंय, आणि तरी त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही.

काटोलला मांडवात लोक भेटायला आले, कणव करून बोलले. परत येताना ऊन चढलं होतं आणि रस्ता धुळीचा झाला होता. एका बैलगाडीमागे धुरळ्यात सापडलो तेव्हा हेच म्हणाले, "धीरे चालव. धूळ खाऊन राहिलं इंजिन." घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या काढून टाकशीन ना?"

"हो."

"अजून दोन दिवस राहू दे."

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. जरा वेळाने मात्र म्हणाले, "शाळेत विचारून पाह्य. शिवणाचं. आई आहे, दुपारचे तीन तास निभते. गाडी घेऊन जात जाय, उगाच उभी राहून खराब होते."

मी शाळेत विचारलं. पुढच्या जूनपासून आठवड्यातले चार दिवस, दुपारचे तीन तास मिळाले. मी गाडी घेऊन जायची. शाळेच्या भिंतीलगत ती उन्हात उभी असायची आणि सुटल्यावर पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. इतर शिक्षिका फाटकापाशी बोलत उभ्या राहत, कुणी म्हणे थांबा ना बाई, उसाचा रस पिऊन जाऊ. मी काच खाली करून हसून नाही म्हणायची. हे त्यानंतर अकरा वर्षं होते. त्या अकरा वर्षांत मी एकदाही त्या बायकांबरोबर थांबले नाही. कुणी मला बजावलं नव्हतं. मीच घड्याळाकडे बघत इंजिन चालू करायची.